चोवीस व्होल्टचा साक्षीदार

रस्त्यावरचा न्याय वजनावर होतो. सायकल आणि मोटरसायकल धडकली तर चूक मोटरसायकलवाल्याची, मोटरसायकल आणि कार धडकली तर कारवाल्याची, आणि यांपैकी कुणीही ट्रकला धडकलं तर ट्रकवाल्याची. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा असेल, ड्रायव्हर समोरच्या ढाब्यावर भाकरी मोडत असेल, तरी निकाल तोच. 'एवढं मोठं धूड इथं लावायचंच कशाला?' जमलेल्या गर्दीत वकील असतात, न्यायाधीश असतात, शिक्षा तिथल्या तिथं बजावणारेही असतात. साक्षीदार तेवढा कधी सापडत नाही.

आमच्या दाजींची एक दहा टायरी गाडी सांगलीतून हळदीची पोती आणि बेदाण्याची खोकी भरून वाशीच्या मार्केटला जाते. गाडी एकच, पण दाजी स्वतःला 'ट्रान्सपोर्ट लाईनमधला माणूस' म्हणवतात. २०२४ च्या जानेवारीत 'हिट अँड रन'च्या नव्या तरतुदीवरून चालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा दाजींच्या अंगणातही परिषद भरली होती. जीवघेण्या अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून गेलेल्या चालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद सांगितलेली. गाडीवरच्या उस्तादांचं म्हणणं सरळ होतं. "थांबलो तर पब्लिक मारतंय, पळालो तर सरकार. मधी कुठं उभं ऱ्हायचं तेवढं सांगा."

पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं. पण साक्षीदार हवा ही गोष्ट तोवर दाजींच्या मनानं घेतली होती. साक्षीदार कसा, तर चहा न मागणारा, तारखेला गैरहजर न राहणारा आणि मुख्य म्हणजे आपल्या बाजूनं बोलणारा. थोडक्यात, डॅशकॅम.

निवडीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत संगणक शिकवतो. आमच्या घराण्यात ज्याला मोबाईलचा पासवर्ड बदलता येतो त्याच्याकडे वायर असलेली प्रत्येक वस्तू सोपवली जाते.

दुकान कारच्या सामानाचं होतं. सीटकव्हरं, मानेच्या उश्या आणि सुगंधी बाटल्या यांच्या मधोमध कॅमेरे मांडलेले. दुकानदारानं आल्या आल्या 'फोर के' काढला. "साहेब, पुढच्या ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' स्पष्ट वाचता येईल."

"ते उस्तादला पाठ हाय," दाजी म्हणाले. "रात्री नंबर दिसंल का?"

दुकानदार पहिल्यांदाच थबकला. खरी मेख तिथंच आहे. रात्री आपल्याच हेडलाईटचा झोत पुढच्या पाटीवर पडतो, पाटी झळाळून उठते आणि चित्रात गाडी सगळी दिसते, नंबरच्या जागी मात्र पांढरा चौकोन. तेव्हा किती 'के' आहेत हे मोजण्यापेक्षा आतला सेन्सर अंधारात कसा वागतो आणि झगझगीत उजेड व काळोख एकाच चित्रात सांभाळण्याची सोय आहे का, हे विचारावं. आम्ही विचारलं. दुकानदारानं मालक जेवून येईपर्यंत थांबायला सांगितलं.

मग कोन निघाला. "एकशे सत्तर अंश. अख्खा रस्ता मावतो." मावतो, यात खोटं काही नाही. पण भिंग जेवढं रुंद तेवढं मधलं सगळं बारीक आणि लांब दिसतं. चार हातांवर आडवी घुसलेली कार चित्रात गावाच्या वेशीबाहेर दिसते. उद्या हेच चित्र लावून कुणी विचारलं, 'एवढं अंतर होतं तर ब्रेक का मारला नाहीस?', तर आपलाच साक्षीदार फितूर व्हायचा. आम्ही एकशे चाळीसवर थांबलो.

पुढे-मागे अशी कॅमेऱ्यांची जोडीही होती. मागच्याची वायर कारच्या मापाची, म्हणजे आमच्या गाडीत ती केबिनच्या पाठीशीच संपणार. तिथं लावला असता तर त्यानं हौद्याचा पुढचा पत्रा आजन्म न्याहाळला असता. शिवाय आमच्या क्लिनरला मागच्या कॅमेऱ्याचा मुळातच राग. गाडी मागे घेताना 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत हौद्यावर थापा मारणं हे त्याचं खातं. "ह्याला थाप मारता येती का?" त्यानं विचारलं. येत नव्हती. मागचा कॅमेरा बाद.

आतल्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरकडे बघणाऱ्या डोळ्यावर दाजींचा जीव होता. उस्तादांनी तोही निकालात काढला. "माझं तोंड बघायचं आसंल तर फोटू देतो. घरात लावा." शेवटी ठरला तो पुढेच बघणारा, वेग नोंदवणारा, माईक असलेला, आणि आत बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला. सांगलीच्या मे महिन्यात बंद केबिनच्या काचेमागे लिथियम बॅटरी फुगते. कपॅसिटर ती धग सोसतो. कार्डही मोबाईलमधलं जुनं चालत नाही. सतत लिहून-पुसून ते झिजतं, म्हणून त्याच कामासाठी बनवलेलं दमदार कार्ड घ्यावं लागतं. १२८ जीबीमध्ये साधारण पंधरा-वीस तासांचा रस्ता मावतो, नंतर जुनं पुसून त्यावर नवं. निघता निघता दुकानदारानं सांगितलं, की २०१३ साली रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली ती जगानं असल्याच कॅमेऱ्यांतून पाहिली. दाजी म्हणाले, "उल्का ऱ्हाऊ द्या. पेठ नाक्याचा खड्डा आधी दिसला तरी बास."

बसवायचं काम ट्रक अड्ड्यावरच्या वायरमनकडे. मिस्त्रींनी खोक्यातला चार्जर उलटा केला, चष्मा कपाळावर ढकलला, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून बारीक अक्षरं वाचली आणि चार्जर माझ्या हातात परत दिला.

"बारा लिवलंय."

"मग?"

"गाडी चोवीसची. खाली दोन बॅटऱ्या हायत. इंजान चालू झालं की चोवीसाचं अठ्ठावीस हुतंय. ह्यो लावला तर कॅमेरा चालू हुईल, न्हाई असं न्हाई. पन एकदाच."

मग त्यांनी त्यांच्या डब्यातून ट्रकचं चोवीस व्होल्ट खाऊन पाच देणारा कन्व्हर्टर काढला. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून टेस्टरचं टोक एकेका फ्यूजला लावत गेले. चावी बंद असताना दिवा लागला ती लाईन एका बाजूला, चावी फिरवल्यावर लागला ती दुसऱ्या बाजूला. पहिली लाईन गाडी उभी असताना पहारा करायला, दुसरी गाडी चालताना. बॅटरी एका मर्यादेखाली उतरली की पहारा आपोआप बंद पडेल अशीही सोय केली. नाहीतर रात्रभर चोर पकडायचे आणि सकाळी सेल्फ मारायला गाडीत जीव नाही.

जागेचा प्रश्न मात्र विजेच्या पलीकडचा होता. ट्रकच्या काचेवर आधीच वस्ती असते. मधोमध गणपती, डावीकडे जोतिबा, उजवीकडे तुळजाभवानी, कोपऱ्यात उस्तादांच्या सासुरवाडीचा बिरोबा, वरून झालर, झालरीखाली झेंडूचा हार आणि हारामधून लोंबणारं लिंबू-मिरची. शास्त्र सांगतं, कॅमेरा वायपर फिरतो त्या पट्ट्यात हवा, नाहीतर पावसाळ्यात नुसता पाऊस दिसेल. आणि ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येता कामा नये. उस्तादांचं शास्त्र वेगळं. "देवाच्या वर नको, देवाच्या म्होरं नको, आन् देवाकडं पाठ नको." कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे म्हटल्यावर पाठ कुणाकडे तरी होणारच. बऱ्याच चर्चेनंतर ती क्लिनरकडे करण्यात आली. काच स्पिरीटनं पुसली, पट्टी दाबून धरली, उस्तादांनी उदबत्ती ओवाळली आणि नारळ फोडला. कॅमेरा इंग्रजीतून काहीतरी बोलला. "हां, हां," उस्ताद म्हणाले.

पहिल्या फेरीनंतर कार्ड माझ्या लॅपटॉपला लावलं. अपघाताचा धक्का बसला की तेवढा तुकडा पुसला जाऊ नये म्हणून कुलूपबंद करायची हुशारी या यंत्रात असते. कारखान्यातून येताना ती कारच्या कोवळ्या अंगाला शोभेल अशी ठरवलेली. आमच्या गाडीचे पाटे आणि आमच्या भागातले रस्ते मिळून कॅमेऱ्याच्या लेखी आष्ट्याच्या आधीच गाडीचे असंख्य अपघात झालेले. प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक कुलुपात. कराडपर्यंत कार्डात जागाच उरलेली नव्हती.

त्याआधीचा तुकडा रात्रीच्या पहाऱ्याचा. गाडी उभी असताना समोर काही हललं की चित्रीकरण सुरू. आणि हलत होतं लिंबू-मिरची. वाऱ्याची झुळूक आली, की लिंबू डावीकडे, सात मिरच्या उजवीकडे. कॅमेरा खडबडून जागा. तासन् तास तेच. पाठीमागे धूसर उजेडात एक कुत्रं आलं, टायरपाशी पाय वर करून गेलं, तेवढाच कथानकाला वेग. दाजींनी सगळं श्रद्धेनं पाहिलं आणि विचारलं, "हे दुपारचं दीड वाजता एवढा अंधार कसा?" घड्याळ चीनच्या वेळेवर होतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यात सकाळ-रात्रीचाही घोटाळा. असला साक्षीदार कोर्टात उभा केला असता तर समोरच्या वकिलानं पहिल्याच प्रश्नात घरी पाठवला असता.

मी घड्याळ लावलं, धक्क्याची जाणीव कमीत कमी केली, लिंबू-मिरची बाजूला बांधायची परवानगी उस्तादांकडून मिळवली. पण या दुरुस्त्यांच्या आधीच कॅमेऱ्यानं आपला पहिला खटला जिंकला होता. त्याच फेरीत साताऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर एक कारवाला गाडीला आडवा झाला. ट्रक मागे घसरला आणि माझा बंपर गेला, काढा पैसे. चार माणसं जमली, म्हणजे कोर्ट भरलं. उस्तादांनी काही न बोलता बोट वर केलं. काचेतून लाल दिवा लुकलुकत होता. कारवाल्यानं दिवा पाहिला, बंपर पाहिला, बंपरवर आधीपासून चढलेला गंज पाहिला आणि उशीर होतोय म्हणून निघून गेला. त्या वेळचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. कार्ड भरलेलं होतं.

तेव्हापासून माझं मत झालंय, की डॅशकॅमचं निम्मं काम दिवाच करतो. उरलेलं निम्मं जिकिरीचं. घटना घडली की लगेच कार्ड काढून ठेवायचं, नाहीतर पुढच्या प्रवासात तीच पुसली जाते. शिवाय नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असल्या पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, फाईलचं हॅश मूल्य लागतं. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा, असं मी दाजींना समजावलं. दाजींनी विचारलं, "शाई आपन न्यायची का?"

आता राहिला माईक. तो दाजींना हवा होता, त्याला सबळ कारण होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार. डिझेल वाचवायला काही जण तिथं गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा लगाम सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि खाली ऐन गर्दीत ब्रेक धरत नाही. स्पीड गव्हर्नरही तिथं हात टेकतो, कारण तो इंजिनाचं डिझेल आवरतो. उतार त्याच्या ताब्यात नाही. दाजींचा हिशेब असा, की पडद्यावर वेग वाढताना दिसला आणि इंजिनाचा आवाज पडलेला ऐकू आला, की न्यूट्रल पकडलंच समजा. मला हे डोकं आवडलं होतं.

दुरुस्त्यांनंतरच्या फेरीचं कार्ड लावून आम्ही दोघं कान देऊन बसलो. बोगदा संपला, उतार लागला. इंजिन गिअरमध्ये व्यवस्थित घुमत होतं. दाजी खूश. त्या घुमण्यावरून उस्तादांचा आवाज आला.

"मालक मानूस चांगला. पन खर्ची मोजताना नोटंला थुंकी का लावतंय ठावं हाय? दोन चिकटून आपल्याकडं जाऊ नयेत म्हून."

क्लिनर खिदळला.

"वहीत पाच हजार, हातात साडेचार."

"मग इचारत का न्हाई?"

"इचारून काय करू? साक्षीदार कोन हाय?"

नवले पूल आला आणि गेला. दाजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "पाव्हणं," ते म्हणाले, "पुराव्याला आवाज लागतोच असं न्हाई. बंद करून टाका."

मी केला. पण क्लिनर पोरगं चौकस. पुढच्या फेरीला निघताना त्यानं पडद्यावरच्या माईकवर मारलेली लाल फुली उस्तादांना दाखवली. उस्ताद अंगणात आले.

"मालक, आवाज का बंद केला?"

"कार्डात लई जागा खातोय," दाजी माझ्याकडे बघत म्हणाले. आवाज चित्राच्या मानानं नखाएवढीच जागा खातो, हे मुलांना शिकवतो मी. पण बहीण दिलेल्या घरात सगळंच शिकवून चालत नाही.

उस्तादांनी मान डोलावली. खर्ची घेतली, मोजली, बनियनच्या खिशात घातली.

"मग आसं करा," ते म्हणाले. "तुमच्या ह्या टेबलावर एक बसवा. हितं चित्र नसलं तरी चालंल. आवाज तेवढा चालू ठेवा."