सीलबंद शहाणपण

गेल्या तान्ह्या पोळ्याला पाहुण्यांना आमच्या जुन्या जीपची ‘फोर व्हील’ दाखवायची म्हणून मी घाटंजीकडच्या एका नाल्यात उतरलो. पावसातली काळी माती बैलाला सोडत नाही, ती जीपला काय सोडणार! चारही चाकं फिरत होती, फक्त जागच्या जागी. काठावर लाकडी बैल घेऊन निघालेली पोरं थांबली. एक म्हणालं, ‘‘काका, आमचा बैल जुंपू काय?’’

शेवटी ट्रॅक्टर आला.

आठवड्याभरात अंगणातल्या फरशीवर तेल दिसू लागलं. वास गंधकाचा, म्हणजे गिअर ऑइल. मागच्या डिफरन्शियलचं पिनियनचं ऑइल सील गेलं, असं मी जाहीर केलं. सील म्हणजे एवढंसं रबरी कडं. त्याच्या ओठामागे बारीक स्प्रिंग असते, ती ओठाला फिरत्या शाफ्टवर दाबून धरते. एवढ्यासाठी मिस्त्री कशाला?

पहिलं सील उलटं बसवलं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी. ती मी बाहेर ठेवली, दिसायला बरी म्हणून. दुसरं एका कडेनं ठोकलं. ते तिरकं गेलं आणि स्प्रिंग उडाली ती तुळशीवृंदावनात सापडली. तिसऱ्या वेळी ओठाला ग्रीस लावलं, मापाचा पाइप टेकवून चहूबाजूंनी सारखं ठोकलं. दुसऱ्या दिवशी खाली ठेवलेल्या परातीत पुन्हा तेल! बायको म्हणाली, ‘‘आता वात घाला, दिवा तरी लागेल.’’

मिस्त्री आला. त्यानं सीलाकडे पाहिलंसुद्धा नाही. हौसिंगच्या वरचा ब्रीदर चाचपला, तारेनं वाळलेल्या काळ्या मातीचा खडा काढला. फुस्स!

‘‘भाऊ, सीलाले काहून शिव्या देऊन राह्यले? हिचा श्वासच कोंडला ना!’’

गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते. ती ब्रीदरमधून जायला हवी. तो बुजला की तीच हवा तेलाला सीलाच्या ओठातून बाहेर ढकलते. माती अर्थात त्या नाल्यातली. म्हणजे पहिलं, कंपनीतून आलेलं सील बहुधा निर्दोषच होतं. ते मी पेचकसानं उचकटून कधीच फेकलं होतं.

यंदा तान्ह्या पोळ्याला तीच पोरं दारात आली. पाहुणे ओसरीवरच बसले होते. ‘‘काका, जीप...’’ एवढं ऐकलं आणि मी बोजारा, म्हणजे पोरांची पोळ्याची खुशाली, दुप्पट करून हातावर ठेवला.

हे सील मात्र पहिल्याच फटक्यात बसलं.