मुदत परकी, वाढ आपली

'मुदत' हा शब्द अरबस्तानातून फारसी दप्तराच्या वाटेने आपल्याकडे आला खरा, परंतु त्यास 'वाढ' हे अस्सल देशी शेपूट जोडून जो समास आपण सिद्ध केला, त्यात आपल्या राज्यकारभाराचे सारे मर्म उतरले आहे, असे आमचे नम्र मत आहे.

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या यच्चयावत वाहनांस उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसविण्याचे फर्मान सुटले, तेव्हा तिची अखेरची तारीख 31 मार्च 2025 होती. ही पाटी म्हणजे साधा पत्रा नव्हे. तिच्या अंगावर अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसले की मोडल्यावाचून न निघणारे कुलूप. सारांश, 4141 या अंकांस मुरड घालून 'दादा' वाचावयास लावणारी जी चित्रलिपी सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर बहरली होती, तिचा अस्तकाल या पाटीने समीप आणला होता.

आम्ही जन्माचे भित्रे. फाल्गुनाच्या उन्हात आमची एमएच-11 मालिकेतील वृद्ध स्कूटर ढकलीत आम्ही केंद्रावर गेलो, साडेचारशे रुपये आणि त्यावरील कर मिळून 531 रुपये भरले, आणि कृतकृत्य मुद्रेने सांगलीस मेहुण्यांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "दाजी, पहिल्या पंगतीला बसावं, पण पहिल्या तारखेला कुणी जातंय होय?"

त्यांचे ज्ञान अनुभवसिद्ध होते. तारीख 30 जूनवर गेली, तेथून 15 ऑगस्टवर (त्या मंगल दिनी इतरांस पाटीपासूनही स्वातंत्र्य लाभले), मग 30 नोव्हेंबर, आणि त्यानंतर 31 डिसेंबर 2025 ही तारीख सिंहासनावर विराजमान झाली. केंद्रे थोडी आणि वाहने अफाट, हे कारण खोटे नाही. पण ते पहिल्या दिवशीही तितकेच खरे होते. तोवर गळीत हंगामही सुरू झाला होता, आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढीत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरची क्रमांकपाटी, जुनी असो वा नवी, मागून येणाऱ्यास कोणत्या योगसामर्थ्याने दिसावी, याचा खुलासा कोणत्याही परिपत्रकात आमच्या वाचनात आला नाही.

अमेरिकेसारख्या पुढारलेल्या राष्ट्रास मात्र मुदतवाढीची ही कला साधली नाही, याची कीव येते. तेथे 2004 साली हलक्या क्रीडाविमानांची नवी वर्गवारी झाली, आणि जी जुनी हलकी विमाने विनानोंदणी उडत होती, त्यांच्या मालकांस नव्या वर्गात येण्यासाठी 31 जानेवारी 2008 ही तारीख देण्यात आली. ती आली, आणि मुदत खरोखरच संपली! ज्यांना विमान उडविता येते, त्यांना एक तारीख उडविता येऊ नये?

आमच्या साताऱ्याची तर दप्तरदारी तिष्ठण्याची परंपरा थोर. 1839 साली पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजींनी लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे काढली, आणि कंपनी सरकार बधले नाही. आता काळ पालटला आहे: दप्तर तिष्ठत बसते, आणि रयत घरी दुपारची वामकुक्षी घेते. या स्थित्यंतरास लोकशाही म्हणावयाचे असेल तर आमची हरकत नाही. फक्त ज्यांनी पहिल्याच मुदतीत हुकूम शिरसावंद्य मानला, त्यांच्या मूर्खपणाची दप्तरी कोठे तरी नोंद व्हावी.

परिवहन खात्यास आमचा अर्ज एवढाच आहे की, पाटीस जे न निघणारे कुलूप बसविण्यात येते, तसलेच एखादे शिल्लक असल्यास ते तारखेस बसवून पाहावे. मेहुण्यांनी आपल्या एमएच-10 गाडीची नोंदणी अद्याप केलेली नाही.