तळणीच्या कढईचे कान

तळणीची कढई आधी निववायची असते, घासायची नंतर. शेवटचा घाणा काढून गॅस बंद केला तरी १७०-१८० अंशांवरचे तेल बराच वेळ हात लावू देत नाही. उरकण्याच्या घाईत त्यात पाणी घातले तर पाण्याची क्षणात वाफ होते, तेल छतापर्यंत उडते आणि घासण्याच्या यादीत कढईऐवजी स्वयंपाकघर येते.

निवलेले तेल फडक्यातून गाळले की तळाशी दिवाळीचा इतिहास उरतो: चकलीचे काटे, शेवेचा चुरा, हसलेल्या अनारशाची जळकी खसखस. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी १ जुलै २०१८ पासून नियम आहे, की तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचे नाही. घरी हे मोजायचे यंत्र नसते, नाक असते. तेल काळसर, दाट झाले, फेसाळले, खवट वास मारू लागले की ते संपले. बहुतेक घरांत मात्र ते याच वेळी ‘फोडणीला होईल’ म्हणून बरणीत जाते. होत नाही. पुढे ते मोरीत ओतले जाते आणि प्लंबर येतो.

आता कढई. ताजा ओशटपणा गरम पाणी आणि साबणाने निघतो; त्यात सांगण्यासारखे काही नाही. खरा प्रश्न काळ्या थराचा. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या संगतीने एकमेकांना बिलगतात, त्यांचे घट्ट जाळे बनते, आणि हे जाळे साबणाला दाद देत नाही. गंमत अशी की लोखंडी कढईच्या आत हेच जाळे असले तर कढई ‘मुरलेली’ म्हणवते, बाहेर असले तर ‘कळकट’. एखादा उत्साही गृहस्थ तारेच्या घासणीने आतूनही ती लख्ख करतो. दुसऱ्या दिवशी तिला गंज चढतो आणि पुऱ्या तळाला चिकटतात.

बाहेरच्या थराला धुण्याचा सोडा लागतो. गरम पाण्यात कालवून त्याचा लेप तासभर ठेवला की न वाळलेल्या चरबीचा चक्क साबण होतो आणि थर सैल पडतो. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, त्यामुळे राख आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासणाऱ्या आज्या हेच रसायनशास्त्र उकिडवे बसून करत. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नये. ते काळे पडते. तिथे चिंचेचे पाणी उकळावे.

कान हे अवघड प्रकरण. कान जिथे रिवेटने जोडलेला असतो तिथे, त्याच्या पोटाखाली, तेलाचा एक मधाच्या रंगाचा थेंब वर्षानुवर्षे बसलेला असतो. नखाने दाबला तर किंचित दबतो, निघत नाही. सुरीच्या टोकाने खरवडल्यावर पापुद्रे सुटतात: वरचा यंदाचा, खालचा गेल्या दिवाळीचा, त्याखालचा बहुधा लग्नातल्या रुखवताचा.

धुतलेली लोखंडी कढई मंद आचेवर कोरडी करून, तेलाचा हात फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकतात. सगळे आवरून झाल्यावर ओट्याच्या कोपऱ्यात झारा सापडतो. त्याच्या भोकांमध्ये बुंदी अडकलेली असते.