हबसाणातले गुरुजी

देशांतर करून गावी परतलेल्या मनुष्यांच्या ज्या नानाविध जाती आपल्याकडे आढळतात, त्यांत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला आणि आखातातून सोने घेऊन आलेला, या दोघांना समाजाने केव्हाच मान्यता दिली आहे. परंतु आफ्रिकेत शाळामास्तरकी करून आलेला जो गृहस्थ, त्याच्या पदरी पैसा बेताचा आणि श्वापदे मात्र विपुल असल्यामुळे, त्याची नोंद नेमकी कोणत्या सदरात करावी याचा निकाल आमच्या फलटणसारख्या जुन्या संस्थानी गावात अजून लागलेला नाही.

सम्राट हैले सेलासी याने आपल्या राज्यात शाळांचा विस्तार आरंभिला, तेव्हा भारतातून शिक्षक करारावर नेले. त्यांत केरळातील मंडळींचा भरणा अधिक असला, तरी आमच्याकडचेही कोणी कोणी नशीब काढायला गेले, आणि १९७४ साली त्या सम्राटाची गादी गेल्यावर पुढेमागे आपापल्या गावी येऊन स्थिरावले. असे एक गुरुजी श्रीराम मंदिराच्या परिसरात नित्य संध्याकाळी दृष्टीस पडतात. अंगात लोकरीचा कोट, हातात छत्री आणि मुखात इथिओपिया. तो देश म्हणजे आपल्या जुन्या कागदांतले हबसाण. आफ्रिकेतून आलेल्या मनुष्याला लोकरीचा कोट कशाला, ही पहिली शंका. अदिस अबाबा हे शहर महाबळेश्वराहूनही पुष्कळ उंचावर वसलेले असून तिथे रात्री चांगली हुडहुडी भरते, हे उत्तर सर्वस्वी खरे आहे. पण आफ्रिकेत थंडी ही गोष्टच फलटणच्या उन्हाला अपमानास्पद वाटते आणि गुरुजींची पत पहिल्याच वाक्याला निम्म्याने उतरते.

या प्रजातीचे मुख्य लक्षण असे की, तिच्या कथनातील जो भाग शंभर नंबरी खरा, तो कोणी मानीत नाही, आणि जो निखालस बनावट, तो विनातक्रार दाखल करून घेतला जातो. एकदा शाळेच्या आवारात दिवेलागणीला तरस शिरले असता आपण फळ्यावरचा लाकडी कंपास परजून त्याला हुसकावून लावले, असे गुरुजी सांगतात. त्यांच्या पत्नीच्या जबानीनुसार त्या समयी ते नकाशांच्या खोलीला आतून कडी लावून बसले होते आणि तरस आपल्या सवडीने निघून गेले. तथापि गावातील दोन पिढ्यांनी तोच कंपास स्वतःच्या पाठीवर अनुभवलेला असल्याने, त्या शस्त्राच्या सामर्थ्याविषयी कोणालाही तिळमात्र संशय नाही. सम्राटाने अदिस अबाबात काळ्या आयाळीचे सिंह पाळले होते, हेही लगेच मंजूर झाले. १९४८ पर्यंत ज्या गावाने राजा पाहिला, त्याला राजाने जनावरे बाळगण्यात वावगे काही वाटत नाही. सिंहांच्या मटणाचा मक्ता कोणाकडे होता, एवढीच चौकशी झाली.

परंतु सिमेन पर्वतावर गेलाडा नावाची माकडे आहेत, त्यांच्या छातीवर लाल चट्टा असतो आणि ती कड्यावरच्या कुरणात कळपाने बसून दिवसभर गवत खातात, असे गुरुजींनी सांगताच निवृत्त अव्वल कारकुनांनी हात वर केला. हे कारकून म्हणजे त्या बैठकीचे मामलेदार, सरन्यायाधीश आणि दप्तरदारही. हबसाणाविषयी त्यांचे ज्ञान मलिक अंबरापुरते. तो त्या देशाचा, आणि जमिनीची प्रत लावून धारा बसविण्यात त्याचा हातखंडा. जो देश असा महसुली पुरुष निर्माण करतो, तेथील माकडे गवत खातील हे त्यांच्या बुद्धीला पटेना. माकड शेंगा खाते, कणसे खाते, हनुमंताच्या देवळातला नारळ पळविते; गवत हे बैलाचे खाणे आहे. प्रकरण पुराव्याअभावी निकाली निघाले.

खरी परवड झाली ती हरारच्या तरसांची. हरार हे पूर्व इथिओपियातले तटबंदीचे जुने मुसलमानी नगर. त्याचा तट सोळाव्या शतकातला असून त्यात माणसांसाठी दरवाजे आहेत, आणि तटाच्या पायथ्याशी तरसांच्या येण्याजाण्यासाठी झरोकेही ठेवलेले आहेत. रात्री ठिपकेरी तरसे त्यांतून आत येतात, गल्ल्यांतील हाडे आणि घाण फस्त करतात आणि उजाडण्यापूर्वी बाहेर पडतात. लोकांची अशी श्रद्धा की, जाताना ती गावातील पिशाच्चेही खाऊन नेतात. गावाबाहेर एक मनुष्य टोपलीभर मांसाचे तुकडे घेऊन उकिडवा बसतो, एकेका तरसाला नावाने हाक मारतो, वीतभर काडीच्या एका टोकाला मांसाची पट्टी अडकवून दुसरे टोक स्वतःच्या दातांत धरतो, आणि बैलाचे हाड कडकडून फोडणारा तो जबडा माणसाच्या नाकासमोर येऊन, जणू पंगतीतला संकोची व्याही असावा तशा हलक्या हाताने ती पट्टी काढून घेतो. हे सांगताना गुरुजी छत्रीची मूठ दातांत धरून दाखवितात. यात अवाक्षरही खोटे नाही, आणि म्हणूनच बैठक गदगदा हसते.

"गुरुजी, दरवाजे ठेवले म्हणता तरसांना? मग जकात नाक्यावर घेत होते की घरपट्टीत धरत होते?" अव्वल कारकून विचारतात.

अशा एका संध्याकाळी माण तालुक्याकडून मेंढरे घेऊन आलेला एक म्हातारा धनगर, घोंगडी खांद्यावर टाकून, बैठकीच्या कडेला येऊन टेकला. फलटणच्या पूर्वेकडील माळरानावर तरस आहे, पण ते पट्ट्यांचे. एकलकोंडे, अबोल, माणसाची चाहूल लागताच ओघळीत उतरणारे. म्हाताऱ्याने ते आयुष्यभर पाहिलेले. गुरुजींचे सगळे निवेदन त्याने हूं का चूं न करता ऐकून घेतले आणि मग, फेरफार तपासणाऱ्या तलाठ्याच्या गांभीर्याने, एकेक बाब विचारायला प्रारंभ केला.

"कळपानं ऱ्हातंय का येकटं?"

"कळपाने. आणि कळपाची मुखत्यारी मादीकडे. ती नरापेक्षा अंगाने भारी. नर तिच्यापुढे मान खाली घालून असतो."

बैठकीत पुन्हा हशा पिकला. म्हातारा हसला नाही. "आसंल," तो म्हणाला. "आन् हासतंय म्हनत्यात, ते?"

"हसल्यासारखा आवाज काढते. पण हसत नाही. खाण्यावरून धुसफूस झाली, की तसे ओरडते."

"मंग बराबर हाय," म्हातारा म्हणाला, आणि गुरुजींच्या चेहऱ्यावर, परतल्यापासून प्रथमच, खरे बोलून विश्वास संपादन केल्याची एक बावरलेली कळा उमटली. त्या उत्साहाच्या भरात त्यांनी आजवर राखून ठेवलेला प्रकार सांगून टाकला: मोहरमच्या दहाव्या दिवशी हरारचे लोक भरपूर लोणी घालून लापशी शिजवितात आणि तरसांपुढे ठेवतात, ती त्यांनी बरीचशी खाल्ली तर वर्ष चांगले, तोंड फिरविले तर दुष्काळाचे भय.

अव्वल कारकून आक्षेप नोंदविण्यासाठी घसा साफ करू लागले, तोच म्हातारा म्हणाला, "म्हंजी तकडं भाकनूक तरसच करतंय म्हना की." बिरोबाच्या जत्रेत देव अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून पावसापाण्याचा कौल ऐकून ज्याने उभी हयात चराईचा मुलूख ठरविला, त्याला या व्यवस्थेत शंका घेण्यासारखे काही दिसेना. उलट तिच्यात एक सोय दिसली: तरसाला बिदागी द्यावी लागत नाही, लापशीवर भागते.

दैव आणि दुष्काळ हे विषय निघाल्यावर बैठकीचा नूर पालटला. माण-फलटणच्या लोकांना पावसाबद्दल कोणीही काहीही सांगावे, ते ऐकतात. तटातले झरोके किती रुंद, लापशी कशाची, तरसाने अर्धी खाऊन अर्धी ठेवली तर काय धरायचे, अशी पृच्छा होऊ लागली आणि गुरुजी कोटाचे बटण सोडून सविस्तर उत्तरे देऊ लागले. एकटे अव्वल कारकून गप्प होते. अखेर म्हाताऱ्यानेच विचारले, "पर गुर्जी, त्यो रोज तरसं पोसनारा गडी, त्येला पगार कोन देतंय?"

"पगार नाही. बघायला येतात ते चार पैसे देतात."

"म्हणजे कायम नेमणूक नाही," अव्वल कारकून तत्काळ सावरून बसत म्हणाले, आणि इतक्या दिवसांनंतर त्यांनी गुरुजींकडे प्रथमच सहानुभूतीने पाहिले. "मग त्या बिचाऱ्याच्या पेन्शनचे काय?"