फरकमास्तर

लोक गाणी ऐकतात. मास्तर दोन गाण्यांमधला फरक ऐकतात. एकच गाणं एकदाच लावलं, तर ते लावलं असं त्यांना वाटतच नाही.

असा माणूस जिवती तालुक्यात निघावा याचं मला नवल वाटत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे नांदेड-लातूरकडची बिऱ्हाडं या माणिकगड पहाडावर चढली, त्यांतलंच मास्तरांचं घर. तालुक्याच्या टोकाला काही गावं अशी, की महाराष्ट्रही त्यांना आपली म्हणतो आणि तेलंगणाही. तिथल्या माणसाकडं रेशनकार्डं दोन, मतदारयादीत नाव दोन ठिकाणी. मग एका गाण्याच्या दोन प्रती असल्या तर कुणाचं काय बिघडलं?

मास्तरांकडं चहा पिणं सोपं नाही. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि मधोमध, फरशीवर खडूनं मारलेल्या फुलीवर, प्लास्टिकची खुर्ची. पाहुण्यानं तिथंच बसायचं, मान हलवायची नाही. कपासाठी वाकलात की ओरडतात, "डावीकडं सरकलात तुम्ही!" स्पीकर गडचांदूरहून आणलेल्या होम थिएटरचे. संचातला मधला स्पीकर आणि गुरगुरणारा डबा माळ्यावर गेले. चार म्हणजे चारच. मागच्या उजव्या स्पीकरवर वहिनी तुरीचं पोतं टेकवतात. त्यानं आवाजाची धार जाते हे मास्तरांचं दुखणं, आणि तूर कुठं ठेवू हे वहिनींचं. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चं अॅलन पार्सन्सनं केलेलं १९७३ चं चार वाटांचं मिश्रण लागलं, की चारही कोपऱ्यांत घड्याळं एकदम ठणाणतात आणि मागं बांधलेली शेळी दाव्याला हिसके देते. अशा तबकड्यांच्या त्या काळी तीन जाती होत्या: एसक्यू, क्यूएस आणि सीडी-फोर. एकीच्या यंत्रावर दुसरी धड वाजेना, म्हणून दशक संपेस्तोवर सगळाच कारभार आटोपला. हे सांगताना मास्तरांचा गळा भरून येतो. पावसाळ्यात पत्रे वाजू लागले की ते सगळं बंद करून बसतात. पाचवी वाट त्यांना चालत नाही.

बीटल्सवर त्यांचं खास व्याख्यान आहे. १९६३ च्या पहिल्या एलपीच्या स्टिरिओत गाणारे उजवीकडं आणि वाद्यं डावीकडं का? तर ध्वनिमुद्रण मुळात दोनच ट्रॅकवर, तेही पुढं एकत्र करून मोनो बनवण्यासाठी. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'च्या वेळी चौघं मोनोच्या मिश्रणाला जातीनं बसले, स्टिरिओ त्यांच्यामागं थोडक्या दिवसांत उरकलं. म्हणून 'शीज लिव्हिंग होम' मोनोत अर्धा सूर चढं आणि जलद. मास्तर दोन्ही लावून दाखवतात. फरक खरंच आहे. पहिल्यांदा कळला तेव्हा मीही चाट पडलो. पुढं एकदा मी विचारलं, ही पोरगी घर सोडून जाते कशापायी? मास्तर गोंधळले. "ते बघितलं नाही," म्हणाले.

नव्वदीतल्या कॅसेटवाल्यांनी रफी-मुकेशच्या पाठीत इलेक्ट्रॉनिक ढोल बडवून जी 'झंकार' गाणी काढली, ती त्यांना ऐकवत नाहीत. पण ती सगळी त्यांच्याकडं आहेत. तुलनेला लागतात.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात आवाजाचं काम मास्तरांनी मागून घेतलं. डावा बॉक्स नवरदेवाकडच्यांत, उजवा मुलीकडच्यांत, आणि सत्तरीतलं एक झक्कास स्टिरिओ गाणं. ताल सगळा डावीकडं. तिकडची पोरं घामाघूम होऊन नाचत होती, इकडची हात बांधून उभी. अखेर नवरीचे चुलते उठले. "त्यायला ढोलक आन् आमाला नुसतं टुंगटुंग? पोरीकडचे म्हून व्हय?"

मानपान पेटला. व्याही मध्ये पडले. मास्तर "ही पंचमची किमया आहे हो!" सांगत होते, पण पंचम कोणत्या गावचा हे विचारायलाही कुणी थांबलं नाही. शेवटी मंडपवाल्याच्या पोरानं दोन वायरी दातांनी सोलल्या, एकत्र पिळल्या आणि दोन्ही बॉक्सांतून सगळं सारखं वाजू लागलं. चुलते स्वतः नाचायला उतरले.

मास्तर खट्टू झाले असतील म्हणून मी जवळ गेलो, तर गडी खुलला होता. "मोनोत दम आहे, मी म्हणतच होतो," ते म्हणाले आणि पोराकडं वळले. "आता एकदा वायर परत सोड बाबा. मंडळींना फरक कळू दे."