आधी आकडा सांगा

परदेशातल्या बहिणीनं टपालानं पाठवलेली राखी भारतात भेट म्हणून येऊ शकते. त्याच पाकिटात तिनं भावासाठी काही घातलं, तर ते भेट म्हणून येऊ शकत नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या 12 डिसेंबर 2019च्या अधिसूचनेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. टपालानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या भेटवस्तूंचा रस्ता या अधिसूचनेनं बंद केला आणि दोन अपवाद ठेवले : जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीच्या पुढे, तिच्यासोबतच्या भेटवस्तू यात धरू नयेत, असा खुलासाही आहे. पूर्ण कर भरून भेट आणायला मनाई नाही. माझी बहीण न्यू जर्सीत असते. पूर्वी तिच्या राखीबरोबर माझ्या मुलासाठी रंगीत पेन्सिली किंवा एखादं कोडं यायचं. आता नुसती राखी येते, कारण पेन्सिलींवर इथे किती पैसे पडतील हे ती मला विचारते आणि मला सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नियमामागचं कारण खरं होतं, हेही सांगितलं पाहिजे. त्याआधी 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना करमाफी होती. चिनी खरेदी ॲपवरून मागवलेले कपडे, चपला, फोनची कव्हरं अशा पार्सलांवर ‘भेट’ असं लिहून माल सरळ आत येत होता. आपल्या नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरचा दुकानदार तोच माल रीतसर कर भरून आणतो, दुकानाचं भाडं देतो, पोराला पगार देतो. त्याची तक्रार शंभर टक्के रास्त होती आणि ती चोरवाट बुजवायलाच हवी होती. पण ती बुजवताना बहीण आणि व्यापारी यांच्यात फरक करण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. तो करता आला असता. परदेशातून कुरिअरनं साधा कागदी डबा आला तरी आपल्याकडून आधार कार्ड मागतात, कधी पॅनही मागतात. ओळख इतकी पक्की घेतातच, तर माणशी वर्षाला एवढ्या रकमेच्या भेटी माफ, अशी मोजणी त्याच ओळखीवर ठेवता येते. मर्यादा ओलांडली की कर लावा. दुकानदाराचं त्यात काहीही नुकसान नाही.

विकत घेतलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त संतापजनक. 2024च्या पावसाळ्यात मी जुन्या कॅसेट प्लेअरसाठी रबरी पट्टे मागवले. वडिलांच्या आवाजातल्या कॅसेट घरात आहेत, यंत्र चालू राहावं एवढीच इच्छा होती. महात्मा गांधी रोडवरची दुरुस्तीची दुकानं पालथी घातली, पण त्या मापाचा पट्टा कुणाकडे नव्हता. टपालखर्च धरून 700 रुपयांना परदेशात मिळाले. वजन काही ग्रॅम. मग निरोप आला, ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. फोटो पाठवला, तर फाइल मोठी आहे म्हणून परत. लहान केला, तर अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून परत. त्यानंतर विचारणा : रबरी पट्टा म्हणजे कमरेचा की यंत्राचा? शेवटी पार्सल दारात आलं आणि सोबत 1,308 रुपयांचं बिल. हा आकडा मला त्या क्षणी पहिल्यांदा कळला.

त्यातला कर 541 रुपये होता. तो कसा झाला ते मी बसून काढलं, कारण बिलावर त्याची फोड नव्हती. व्यक्तिगत वापरासाठी टपालानं वा विमानानं येणाऱ्या मालाला सीमाशुल्काच्या दरपत्रकात 9804 असा एक सामाईक क्रमांक आहे. वस्तू पट्टा असो की खेळणं, दर एकच. त्या वेळी मूळ शुल्क 35 टक्के होतं. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार. मग वस्तूची किंमत, शुल्क आणि अधिभार यांच्या बेरजेवर 28 टक्के एकात्मिक जीएसटी. म्हणजे 100 रुपयांची वस्तू आधी 138 रुपये 50 पैशांची व्हायची आणि शेवटी 177 रुपये 28 पैशांची. करावर कर, आणि त्यावर पुन्हा कर. 2025च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क 35 वरून 20 टक्क्यांवर आणलं, हे चांगलं झालं. सीमाशुल्क कायद्यात आकारणी 100 रुपयांपर्यंत असेल तर ती वसूल करू नये, अशीही तरतूद आहे. पण जुन्या दरानं 130 रुपयांच्या वस्तूचा करसुद्धा त्या मर्यादेच्या वर जात होता. 130 रुपयांत परदेशातून काय येतं?

उरलेले 767 रुपये मात्र सरकारचे नव्हते. त्यात कुरिअरचं कागदपत्रांचं शुल्क होतं, माझ्या वतीनं कर आगाऊ भरल्याबद्दलचं शुल्क होतं आणि या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. हे शुल्क ठोक असतं. लाखाच्या कॅमेऱ्याला ते जाणवत नाही, पट्ट्याला ते वस्तूपेक्षा महाग पडतं. स्वस्त वस्तू मागवणारा माणूस या व्यवहारात सगळ्यात जास्त भरडला जातो. कर द्यायला माझी कधीच ना नाही. पण विकत घेण्याआधी 2,008 रुपये हा आकडा समोर असता, तर घ्यायचं की नाही हे मी ठरवलं असतं. पार्सल दारात आल्यावर ठरवायला काही उरत नाही. परत पाठवलं तर पट्ट्यांचे 700 रुपये जातातच.

हे आधी सांगणं अशक्य आहे, असं मला पुष्कळ जणांनी ऐकवलं. युरोपीय संघानं 22 युरोपर्यंतच्या मालाची करमाफी 1 जुलै 2021पासून काढून टाकली, तेव्हा सोबत सोयही केली : 150 युरोपर्यंतच्या मालावरचा मूल्यवर्धित कर विक्रेता खरेदीच्या वेळीच घेऊन भरू शकतो. ग्राहकाला शेवटची रक्कम तिथेच दिसते.

युरोप लांब राहिला, हे आपल्या टपाल खात्यानंही करून दाखवलं आहे. अमेरिकेनं 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी 29 ऑगस्ट 2025पासून बंद केली. कर कुणी आणि कसा गोळा करायचा हेच ठरलेलं नसल्यानं आपल्याकडून तिकडे जाणारं टपाल आधी अंशतः आणि मग पूर्ण थांबलं. ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा नाशिकच्या घरांत ऐन फराळाच्या तयारीत ही काळजी होती. ती सेवा 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. वसुबारस दोन दिवसांवर होती, त्यामुळे चिवडा-चकलीला उशीर व्हायचा तो झालाच. पण पद्धत बघा : जाहीर केलेल्या किमतीवर सरसकट 50 टक्के कर, तो पार्सल नोंदवतानाच टपालाच्या खिडकीवर भरायचा, खात्यानं तो ठरवून दिलेल्या मध्यस्थांमार्फत अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाकडे पोचवायचा, आणि घेणाऱ्याकडे दारात काही मागायचं नाही. दर जबर होता, मला तो अन्यायकारकच वाटला. तरी पाठवणाऱ्या आईला आकडा खिडकीवर कळत होता. तो ऐकून डबा परत घरी न्यायची मोकळीक तिला होती.

दुसऱ्या देशाचा कर आपल्या खिडकीवर आगाऊ घेता येतो, तर आपल्या देशाचा कर मागवतानाच का सांगता येऊ नये? वस्तूची किंमत आणि टपालखर्च भरला की कर दाखवणारं आणि तिथेच भरून घेणारं एक सरकारी पान हवं. कर भरल्याचा क्रमांक पार्सलावर आला की ते थेट पोस्टमनच्या पिशवीत जावं. आणि हजार रुपयांखालच्या मालावर कुरिअरनं किती शुल्क घ्यावं, त्याची कमाल मर्यादा त्याच पानावर लिहिलेली असावी.