पोलादाच्या जिल्ह्यातली फियाट

मंठ्यात राहून जुनी गाडी बाळगायची म्हणजे जालन्याच्या भट्ट्यांशी वैर. जालना पोलादाचं गाव. तिथे भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. आमच्याकडच्या नव्या घरांच्या स्लॅबमध्ये कुणाचा ट्रॅक्टर निजलाय आणि कुणाची अँबॅसेडर, देव जाणे! अशा जिल्ह्यात माझी प्रीमियर पद्मिनी दारात धडधाकट उभी. साहजिकच येणारा-जाणारा हटकतो, "सर, कामून ठेवली हो ही? काट्यावर द्या की!"

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट देशी झाली, सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली; मंठ्यात मात्र ती अजून फियाटच आहे. ऑक्टोबर २०२३अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने गहिवरले. तिकडे वारसा, इकडे भंगार!

सरकारचाही कल काट्याकडेच. पंधरा वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीची फी २०२२ साली ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. वर पर्यावरण कर. फेरनोंदणीच्या तपासणीआधी गाडी मिस्त्रीला दाखवली. त्यानं पायाखालचं मॅटिंग उचललं, तर खालचा पत्रा बोटानं टोचला तरी सुटत होता. त्यानं सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला आणि म्हणाला, "आता पाय खाली जाणार नाही. बाकीचं हळूहळू." त्या 'हळूहळू'त माझे दोन दिवाळी बोनस गेले.

उन्हाळ्यात वाटूर फाट्याच्या अलीकडे ती हमखास रुसते. तिचा पेट्रोलपंप इंजिनलाच चिकटलेला. बेचाळीसच्या उन्हात पेट्रोलची वाटेतच वाफ होते आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. इलाज साधा: ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि गप उभं राहायचं. पण गप राहू देतं कोण? बॉनेट उघडताच चौघं गोळा. एकजण पॉइंट घासायला सांगतो, दुसरा प्लग काढायला लावतो, तिसऱ्याची वरात म्हणे असल्याच गाडीतून निघालेली. नवी गाडी बंद पडली की लोक कंपनीचा फोन नंबर विचारतात. ही बंद पडली की बाह्या सरसावतात. तेवढ्यात पंप निवतो, गाडी सुरू होते आणि श्रेय चौघंही वाटून घेतात.

गिअर स्टिअरिंगपाशी असल्यानं पुढची सीट सलग आहे. बाजाराच्या दिवशी तीवर मी, बायको आणि मधोमध ज्वारीचं पोतं अशी ऐसपैस बैठक बसते. त्या पोत्याला टेकून बायकोनं गाडी विकायचे कितीतरी ठराव मांडलेत; पण गिऱ्हाईक दारात आलं की भाव तीच वाढवून सांगते.

काट्यावर ही जेमतेम नऊशे किलो भरेल. मिस्त्रीचा 'हळूहळू', फाट्यावरचे चार सल्ले आणि ती वरात यांचा किलोमागे भाव भंगारवाल्यानं एकदा सांगावा. मग बोलू.